परतीच्या वेळची गर्दी : धक्क्याजवळच्या शेवटच्या पंधरा मीटरचं एक प्रकरण

मे महिन्यातला पहिला रविवार, संध्याकाळचे पावणेसात. मुंबईच्या उपनगरातला एक तलाव. पाण्यात २० पेडल बोटी, वल्ह्यांच्या ४ होड्या आणि एक मोटरबोट. धक्का एकच, तोही पूर्वेच्या काठावर. तिकीट अर्ध्या तासाचं. वेळ उलटली की दर दहा मिनिटांना जादा पैसे. (तलाव, माणसं आणि प्रसंगातले आकडे आम्ही अभ्यासासाठी रचले आहेत. यातली एकेक चूक मात्र बोटिंग चालतं तिथे कुठल्याही रविवारी पाहायला मिळते.)

सहा वाजता रांग तिकीट खिडकीपासून फाटकाबाहेर गेली होती. रांग कमी व्हावी म्हणून सव्वासहाच्या सुमारास दहा मिनिटांत १२ बोटी सोडल्या. म्हणजेच त्या बाराही बोटी पावणेसातच्या आसपास परत येणार, हे तेव्हाच ठरलं.

७ नंबरची बोट चार सीटची. पुढे आईबाबा पेडल मारायला, मागे आजी आणि आठ वर्षांची मुलगी. अडीच वर्षांचा धाकटा आईच्या मांडीवर. त्याला तिकीट नाही, त्यामुळे वहीत नोंद चारचीच, आणि जॅकेटंही चारच. चारही मोठ्यांच्या मापाची. ११ नंबरच्या बोटीत कॉलेजातली चार मुलं.

भोंग्यावरून हाक आली, "सात, नऊ, अकरा, वेळ संपली, चला परत!" सगळ्यांनी एकदमच धक्क्याकडे तोंड वळवलं. ७ नंबर डाव्या अंगाने धक्क्याला लागली. मे महिन्यात पाणी खाली गेलेलं, त्यामुळे धक्क्याची कड बोटीच्या काठापेक्षा जवळपास अडीच फूट उंच. बाबा उभे राहिले, एक पाय बोटीच्या पुढच्या कडेवर ठेवला आणि धक्क्याला दोराने लटकवलेला टायर धरला. मागे मुलगीही उतरायला उभी राहिली. "काका, जरा बाजूला घ्या!" अशी हाक आली. "अरे थांबा, उतरतोय!" बाबांचं वाक्य पुरं व्हायच्या आत ११ नंबर ७ नंबरच्या मागच्या उजव्या कोपऱ्यावर येऊन आदळली.

बोटीचं मागचं अंग धक्क्याकडे ढकललं गेलं आणि पुढचं तोंड धक्क्यापासून फाकलं. टायर सुटला, बाबा बोटीच्या कडेवर छातीवर पडले. वाऱ्याने बोट पुन्हा धक्क्याला लागली तेव्हा त्यांच्या डाव्या हाताची तीन बोटं फायबरच्या कडेत आणि सिमेंटच्या खांबात सापडली. त्याच क्षणी मागे उभी असलेली मुलगी उजवीकडे, तलावाच्या बाजूला पाण्यात पडली.

मुलगी वाचली. त्याची हकिगत पुढे येते. आधी हे पाहू की तिथे चार-पाच किलोमीटरच्या वेगाने आलेल्या एका बोटीने एवढं कसं घडवलं.

बोट थांबत का नाही

११ नंबरच्या मुलांनी मुद्दाम धडक दिली, असा तिथे उभ्या असलेल्या बहुतेकांचा समज. आम्हाला तसं वाटत नाही. त्यांनी पुढची बोट पाहिली, पेडल मारणं थांबवलं आणि सुकाणूचा दांडा एका बाजूला पूर्ण ओढला. बोट मात्र सरळच आली. पेडल बोट पहिल्यांदा चालवणारा बहुतेक वेळा हेच करतो, आणि ते चुकतं.

दोन सीटच्या मध्ये जो लहानसा दांडा असतो, तो बोटीच्या मागच्या टोकाला पाण्यात असलेलं पातं फिरवतो. त्या पात्याला वळवण्याची ताकद स्वतःची नसते. ती पात्याला घासून जाणाऱ्या पाण्याची असते. पेडल थांबवलं की पेडलने फिरणाऱ्या चाकाने मागे ढकललेलं पाणी थांबतं, बोटीचा वेगही उतरत जातो आणि दांडा हातात हलतो पण बोट ऐकत नाही. वळायचं असेल तर पेडल चालू ठेवूनच वळावं लागतं. थांबायचं असेल तर पेडल उलटं मारावं लागतं आणि तेही आधीपासून, कारण बोटीला ब्रेक नाही. उलट्या पेडलने बोट मागे सरकायला लागली की सुकाणूचं काम पालटतं : पुढे जाताना जो दांडा डावीकडे वळवत होता तोच आता बोटीचं तोंड उजवीकडे नेतो. घाबरलेल्या माणसाला हे त्या वेळी उमगणं शक्य नाही. ते बोटीत बसण्याआधी सांगायला हवं, आणि शक्य तर धक्क्याला बांधलेल्या बोटीत एकदा करून दाखवायला हवं. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

फायबरची चार सीटची बोट आणि त्यातली चार मोठी माणसं मिळून वजन सहज ४०० किलोच्या आसपास जातं. एवढं वजन चालत्या माणसाच्या वेगानेही आलं तरी बोटं चिरडायला पुरेसं आहे. म्हणून पहिला नियम हाताचा : दोन बोटींच्या किंवा बोट आणि धक्का यांच्या फटीत हात, पाय घालायचा नाही, बोट वाचवायला तर नाहीच. टायर त्यासाठीच लावलेले असतात. इथल्या धक्क्याला चौदा मीटरमध्ये तीनच टायर होते आणि मे महिन्यातल्या पाण्याला ते फार वर लटकत होते. बोटीचा काठ टायरखाली, उघड्या सिमेंटला घासत होता. पाणी जसं उतरेल तसे टायरचे दोर सैल करून ते खाली घ्यावे लागतात. हे काम महिन्यातून एकदा करायचं, पण कुणाच्या यादीत नसतं.

वारा

मुंबईत उन्हाळ्याच्या दुपारी समुद्रावरून, म्हणजे पश्चिमेकडून किंवा वायव्येकडून वारा सुटतो आणि संध्याकाळपर्यंत राहतो. या तलावाचा धक्का पूर्वेला. म्हणजे परतणारी प्रत्येक बोट वाऱ्याच्या पाठीवर येते. पेडल थांबवलं तरी वारा तिला धक्क्याकडे रेटतच राहतो. हंसाच्या आकाराच्या, उंच मानेच्या बोटींना तर तो शिडासारखा पकडतो. आठ-दहा बोटी धक्क्याच्या एका कोपऱ्यात गोळा होतात आणि कुणालाच मागे सरता येत नाही. त्या संध्याकाळी ११ नंबरला हेच झालं.

अशा धक्क्याला सरळ तोंड करून येऊच नये. वीसेक मीटर आधी पेडल मंद करावं, धक्क्याच्या एका टोकाच्या थोडं पलीकडे जावं, तिथे पेडल चालू ठेवून वळावं आणि वाऱ्याला तोंड देत हळूहळू धक्क्याला लागावं. मग वाराच ब्रेकचं काम करतो. पुढची बोट रिकामी होईपर्यंत वाऱ्याकडे तोंड करून, अधूनमधून दोन-चार पेडलं मारत जागच्या जागी थांबता येतं. नावाडी होडी लावताना हेच करतात.

मे महिन्यातली आणखी एक गोष्ट मुंबईकरांनी विसरू नये. १३ मे २०२४ ला दुपारनंतर धुळीचं वादळ आलं आणि घाटकोपरला होर्डिंग कोसळून १७ जणांचा जीव गेला. त्यानंतर आठ दिवसांनी, २१ मे रोजी उजनीच्या जलाशयात सोसाट्याच्या वाऱ्याने बोट उलटून सहा जण बुडाले. वळवाचा वारा सांगून येत नाही, पण त्याआधी हवा एकदम पडते, पश्चिमेला किंवा डोंगराच्या बाजूला काळोखी धरते आणि धुळीचा वास येतो. ते दिसलं की बोटी सोडणं थांबवायचं आणि पाण्यातल्या बोलावून घ्यायच्या. पैसे परत द्यावे लागले तरी द्यायचे.

डावीकडे की उजवीकडे

मुंबईत आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो, गाडीही डावीकडून हाकतो. समोरून बोट आली की हात आपोआप डावीकडे वळतो. पाण्यावरचा जगभरचा नियम मात्र उलटा आहे : समोरासमोर आलेल्या दोघांनीही आपापल्या उजवीकडे वळायचं. आडव्या येणाऱ्या बोटींत ज्याला दुसरी बोट उजव्या हाताला दिसते, त्याने थांबायचं किंवा तिच्या मागून जायचं. मागून ओलांडणाऱ्याने पुढच्यापासून लांब राहायचं. समुद्रातल्या जहाजांसाठी हे नियम १९७२ साली ठरले. शिकलेला मोटरबोटवाला तेच पाळतो. त्यामुळे मधोमध मोटरबोट समोरून आली, तिने उजवीकडे घेतलं आणि पेडल बोटीने सवयीने डावीकडे, तर दोघी एकाच बाजूला जातात. धक्क्यावर बाणाची एकच पाटी लावावी : किनारा उजव्या हाताला ठेवून फिरा. म्हणजे सगळ्या बोटी घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेने फिरतात आणि समोरासमोर यायचा प्रसंगच कमी होतो.

वल्हं मारणाऱ्याची पाठ पुढच्या दिशेला असते, त्याला समोरचं दिसत नाही. त्याच्या वाटेतून पेडलवाल्याने सरकावं, तो सरकेल अशी वाट पाहू नये. काठावर गळ टाकून बसलेले असतील तर त्यांच्या दोऱ्यांपासून लांब राहावं; नायलॉनचा दोरा पेडलच्या चाकाला एकदा गुंडाळला की बोट तिथेच अडकते आणि तो सोडवायला कुणीतरी मागे वाकतं. जलपर्णीचंही तेच. चाकात जलपर्णी अडकली तर हात घालायचा नाही, दोन-तीन वेळा उलटं पेडल मारायचं. नाही सुटली तर शिट्टी किंवा हात हलवून बोलवायचं.

जॅकेट

आता मुलीकडे येऊ. ती पडली, जॅकेट पाण्यावर राहिलं आणि ती जॅकेटच्या आत खाली सरकली. जॅकेटची कॉलर कानांपर्यंत आली, पुढचा फोम नाकासमोर. डोळे आकाशाकडे, तोंड पाण्यात. ती ओरडली नाही. बुडणारा माणूस बहुधा ओरडत नाही. श्वास घ्यायलाच फुरसत नसते. हात पाण्यावर दाबत तोंड वर काढायची धडपड चालते आणि लांबून ते खेळल्यासारखं दिसतं. ज्याला अजिबात पोहता येत नाही, त्याला ही धडपड एक मिनिटही झेपेलच असं नाही.

जॅकेट घातलेलं होतं, नोंद पूर्ण होती, आणि तरीही ते तिच्या उपयोगाचं नव्हतं. माप वयाने नाही, वजनाने ठरतं. तपासायची रीत सोपी आहे : बकलं लावायची, पट्टे ओढून घट्ट करायचे, मग जॅकेट दोन्ही खांद्यांशी धरून वर उचलायचं. ते हनुवटीच्या किंवा कानांच्या वर सरकलं तर ते त्या अंगाचं नाही. मुलांच्या जॅकेटला पायांमधून जाणारा पट्टा हवाच, तोच ते वर सरकू देत नाही. धक्क्यावर मुलांच्या मापाची जॅकेटं ठेवलेली नसतील, तर मुलांना बोटीत घेऊ नये. मांडीवरच्या बाळाला तर त्याच्या मापाचं जॅकेट हवंच. आईचे हात पाण्यात पडताना बाळाला धरून राहतीलच असं गृहीत धरता येत नाही.

दुसरं, फोम. बहुतेक तलावांवर दिसणारी जॅकेटं ५० न्यूटनची असतात, म्हणजे साधारण पाच किलोचा उचल देणारी. हे माप पोहता येणाऱ्यासाठी आहे. बेशुद्ध झालेल्याला ते पाठीवर पलटवत नाही. सहकुटुंब बोटिंगला येणाऱ्यांतल्या पुष्कळांना पोहता येत नाही. त्यांना मानेमागे कॉलर असलेलं १०० न्यूटनचं जॅकेट लागतं. खरेदीच्या वेळी किमतीतला फरक पाहून ५० चं घेतलं जातं, आणि आमच्या मते सगळ्या प्रकरणातली ही सर्वात महागात पडणारी काटकसर आहे.

त्यात जॅकेटवर बसायची सवय. रांगेत थांबलेले लोक आणि कर्मचारीही ढिगावर बसतात. फोम चेपला की त्यातली हवा जाते आणि उचल घटतो. वर्षातून दोनदा तरी प्रत्येक मोठं जॅकेट तपासावं : पाच किलोचं लोखंडी वजन दोरीने बांधून धक्क्याजवळ पाण्यात सोडायचं. लोखंडाचं पाच किलो पाण्यात सुमारे ४.३ किलोच भरतं, तेवढं ५० न्यूटनच्या जॅकेटने पेलायलाच हवं. बुडालं तर ते कातरीने कापून टाकायचं. नुसतं बाजूला ठेवलं तर पुढच्या गर्दीत पुन्हा कुणाच्या तरी अंगावर चढतं. बकलाची जीभ तुटून तिथे सुतळीची गाठ मारलेली असली, तरी तेच करायचं.

१८ जानेवारी २०२४ ला बडोद्याच्या हरणी तलावात सहलीची बोट उलटून १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका गेल्या. क्षमतेपेक्षा जास्त मुलं होती आणि सगळ्यांच्या अंगावर जॅकेट नव्हतं. त्याच वर्षी १८ डिसेंबरला एलिफंटाकडे निघालेल्या 'नीलकमल' या फेरीला नौदलाच्या वेगवान नौकेची धडक बसली आणि १५ जणांचा जीव गेला. त्यानंतर गेटवेला बोटीत बसताना जॅकेट सक्तीचं झालं. बोटीच्या छताखाली बांधून ठेवलेलं जॅकेट धडकेनंतर घालता येत नाही, हे मुंबईला फार मोठी किंमत देऊन समजलं आहे.

पहिली चाळीस सेकंद

धक्क्यावरच्या मुलाने लगेच लाइफ रिंग फेकली. रिंगला दोर नव्हता. ती मुलीपासून दोन मीटरवर पडली आणि वाऱ्याने धक्क्याकडे वाहत आली. ११ नंबरमधले चौघंही मुलीकडे धावले, म्हणजे एकाच बाजूला. बोट त्या बाजूला कलंडली आणि एक जण पाण्यात गेला. त्याला पोहता येत होतं हे नशीब. मोटरबोट तेव्हा तलावाच्या दुसऱ्या टोकाला आठ जणांना चक्कर मारून आणत होती. ती आली तीही प्रवाशांसकट आणि इंजिन चालू ठेवून. धक्क्यावरून कुणीतरी "इंजिन बंद कर!" असं ओरडलं म्हणून बरं. पंखा पाण्यातल्या माणसाचा पाय कापू शकतो. काही मीटर अंतरावरच इंजिन बंद करून बोट वाहत येऊ द्यायची असते.

मुलीला वाचवलं ते होडीवाल्या मामांच्या वल्ह्याने. त्यांनी वल्हं लांब केलं, ते मुलीच्या छातीशी लागलं आणि तिने घट्ट कवटाळलं. मग तिला होडीच्या मागच्या टोकाकडून वर घेतलं. बाजूने घेतलं असतं तर होडी कलली असती. क्रम हाच असायला हवा : आधी काहीतरी लांब करून द्यायचं, मग दोर बांधलेलं काहीतरी फेकायचं, मग बोट न्यायची आणि उडी सगळ्यात शेवटी, तीही शिकलेल्याने आणि तरंगणारं काही बरोबर घेऊन. धक्क्यावर चार मीटरचा बांबू आणि २० मीटर तरंगणारा दोर बांधलेली रिंग या दोन वस्तू कायम हाताशी हव्यात. दोर माणसाच्या डोक्यापलीकडे फेकायचा आणि ओढत त्याच्या हातात आणायचा.

वर आल्यावर गर्दीतून सल्ला आला, "उलटं धरा, पोट दाबा, पाणी काढा!" हे करायचं नसतं. त्याने पोटातलं वर येऊन श्वासनळीत जातं आणि वेळ वाया जातो. मुलगी खोकत होती, रडत होती. म्हणजे श्वास चालू होता. तिला कुशीवर निजवलं, ओले कपडे काढून टॉवेलात गुंडाळलं, १०८ ला फोन केला. श्वास नसता तर बुडलेल्याच्या बाबतीत आधी तोंडाने पाच श्वास द्यायचे, मग ३० वेळा छाती दाबायची आणि २ श्वास, मिनिटाला १०० ते १२० या गतीने दाबत. पाण्यात गुदमरून नाकातोंडात पाणी गेलं आणि खोकला राहिला, तर मूल हसत असलं तरी डॉक्टरांकडे न्यावं. फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनीही वाढू शकतो. तिला रात्रभर देखरेखीखाली ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. बाबांच्या तीन बोटांपैकी दोनांची हाडं मोडली होती.

तिकीट खिडकीवर काय बदलायचं

आम्ही दोष ११ नंबरच्या मुलांवर ठेवत नाही. २० बोटी आणि अर्ध्या तासाची फेरी, तर दर ९० सेकंदांना एक बोट सोडली की परतही ९० सेकंदांनी एकेकच येते. रांग कितीही लांब असो, हा ठोका तोडायचा नाही. बारा बोटी दहा मिनिटांत सोडून रांगेची आठ मिनिटं वाचतात, पण ती गर्दी अर्ध्या तासाने धक्क्याजवळच्या पंधरा मीटरमध्ये येऊन उभी राहते.

जादा वेळेचा दंड बंद करावा, किंवा निदान पहिली दहा मिनिटं माफ असावीत. भोंग्यावर "वेळ संपली" ऐकल्यावर माणूस पैशाच्या भीतीने जोरात पेडल मारतो, आणि नेमक्या त्या जागेत जिथे हळू यायला हवं. हाक मारायची तर एकेका बोटीला मारावी : "सात नंबर, या. नऊ, अकरा, तिथेच थांबा." धक्क्यावर चढायची आणि उतरायची टोकं वेगळी करावीत. उतरताना एक कर्मचारी टोकाला आकडा लावलेल्या बांबूने बोट धरून ठेवील आणि तो सांगेल तेव्हाच उठायचं. एका वेळी एकच जण, बोटीच्या मधोमध पाय ठेवून. पाणी खाली गेलं की धक्क्याला दोन लोखंडी पायऱ्या लटकवाव्यात किंवा तरंगता प्लॅस्टिकचा धक्का जोडावा. मग कुणालाही अडीच फूट वर झेप घ्यावी लागणार नाही. मोटरबोट फेऱ्यांना द्यायचीच नाही. ती रिकामी, दोर आणि रिंग घेऊन वाऱ्याच्या बाजूला उभी राहील.

मे महिन्यात मुंबईत सूर्य सातच्या सुमारास मावळतो. शेवटची बोट सव्वासहाच्या आत सुटली पाहिजे, म्हणजे उशीर झाला तरी उजेडात मोजदाद होते. त्या मोजदादीत बोटी नाही, माणसं मोजायची. आणि वहीतल्या 'प्रवासी' या रकान्याशेजारी आणखी एक रकाना आखावा लागेल : तिकीट न लागणारी मुलं, नाव आणि वजन. ते वजन तिकीट खिडकीशेजारी ठेवलेल्या काट्यावरच घ्यायचं. अंदाजाने नाही, कारण "पंधरा किलोचा असेल" म्हणणाऱ्या आईने त्याला शेवटचं कधी तोललं होतं हे तिलाही आठवत नसतं, आणि जॅकेट द्यायचं ते त्या आकड्यावरून.